जुन्या खुर्चीच्या शोधात

गेल्या पावसाळ्यात माझ्या अम्मीच्या गुडघ्यांनी संप पुकारला. ऐंशी वर्षं निमूटपणे राबलेले गुडघे. त्यांना तरी काय बोलणार? डॉक्टरांनी बजावलं, यापुढं जमिनीवर बसायचं नाही, नमाजसुद्धा खुर्चीवर बसून पढायची. अम्मी आयुष्यभर जमिनीवर बसलेली बाई. भाजी निवडणं, शिवणटिपण, आम्हा भावंडांचा अभ्यास घेणं, सगळं सतरंजीवर. तिनं डॉक्टरांच्या तोंडावर सांगून टाकलं, "खुर्सी नको मेरेकू." आमच्या घरची दखनी अशीच आहे. वाक्य निम्मंअधिक हिंदीच्या वळणाचं, पण नकार द्यायची वेळ आली की हटकून मराठी 'नको'.

शेवटी ती तयार झाली. घरात प्लॅस्टिकची एक पांढरी खुर्ची होती, ती दिली. तिसऱ्या दिवशी फजरच्या नमाजला अम्मी पुढं वाकली आणि खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागं सरकली. दाराची चौकट हाताशी होती म्हणून निभावलं. त्या दिवशी मी ठरवलं, लाकडाची, जड, सरळ पाठीची, बिनहातांची खुर्ची आणायची. माझी मुलगी म्हणाली, "अब्बा, घेतोच आहोत तर मिड सेंच्युरी घेऊ. व्हिंटेज." म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यावरची, साधारण १९४५ ते १९७० च्या दरम्यानची. मी मनात म्हटलं, म्हणजे आमच्या नानांच्या वेळची.

इथं नानांबद्दल सांगितलं पाहिजे. माझे आजोबा, अम्मीचे वडील, वेताच्या खुर्च्या विणायचे. कसब्यात, शेख सल्ला दर्ग्यापासून जवळ, नदीच्या अंगाला त्यांची एक खोली होती. तेच घर आणि तेच दुकान. कचेऱ्यांमधल्या, वकिलांच्या घरच्या बसून बसून फाटलेल्या खुर्च्या त्यांच्याकडं यायच्या आणि नव्या जाळीच्या होऊन परत जायच्या. दोन पदर उभे, दोन आडवे, दोन तिरपे, आणि मग कडेची पट्टी. वेत आधी पाण्यात भिजवायचा, कारण सुका वेत तडकतो. अम्मी लहानपणी त्यांच्या हाताखाली बसून वेताचे पदर ओढायची. गंमत अशी, की दिवसाला दोन-दोन खुर्च्या हाताखालून जाणाऱ्या त्या घरात स्वतःची खुर्ची एकही नव्हती. विणून झालेल्या खुर्चीवर नाना एकदाच बसत, वजन पेलतं का ते पाहायला. मग लगेच उठत.

खुर्ची हा शब्द आपल्याकडं आला तो अरबी 'कुर्सी'वरून. पण शब्द घरात आला म्हणून वस्तू घरात येतेच असं नाही. पुण्याच्या वाड्यांत बैठक होती, गादी-तक्के होते, पाट आणि चौरंग होते. मान होता तो कुणी कुठल्या जागी बसायचं याला, आणि सगळे बसत जमिनीलगतच. इंग्रजांच्या राज्यात कचेरी आली आणि कचेरीबरोबर खुर्ची. उत्तर हिंदुस्थानात तर 'कुर्सीनशीन' असा एक दर्जाच होता. साहेबासमोर खुर्चीवर बसायची परवानगी कुणाला, याच्या याद्या होत्या, दाखले होते. बाकीच्यांनी उभं राहायचं. आपल्या घरांतही ही यादी कागदावर न लिहिता पाळली जातच होती. सासऱ्यांसमोर सुनेनं खुर्चीवर बसायचं नाही, हे माझ्या अम्मीनं पाळलं आणि वाड्यातल्या तिच्या ब्राह्मण मैत्रिणीनंही पाळलं. आजकाल 'खुर्ची' म्हटलं की आपल्याला फक्त राजकारण आठवतं. पण खुर्चीचं खरं राजकारण माजघराच्या उंबऱ्याशीच सुरू व्हायचं.

तर मी शोधाला निघालो. पहिलं दुकान कॅम्पातलं. आत मंद दिवे, भिंतीवर जुन्या सिनेमांची पोस्टरं आणि ओळीनं मांडलेल्या खुर्च्या. दुकानदारानं निमुळत्या, बाहेर कललेल्या पायांची एक जोडी दाखवली. अठ्ठावीस हजार. "सर, ओरिजिनल मिड सेंच्युरी." नानांनी शिकवलेलं थोडं थोडं अजून लक्षात आहे. मी खुर्ची उलटी केली. जुन्या लाकडाची खालची बाजू काळवंडते आणि सगळीकडं एकसारखी काळवंडत नाही. ही मात्र चहूकडून सारख्याच रंगानं माखलेली. स्क्रूच्या डोक्यावर फुली होती. आपल्याकडच्या जुन्या सुतारांच्या स्क्रूला एकच आडवी चीर असायची. पुढच्या आडव्या दांडीला तर झीज अजिबात नाही. साठ वर्षं माणसं बसली आणि कुणीच दांडीवर पाय टेकवले नाहीत, असं कसं होईल? शेवटी जाळी. हातविणीच्या खुर्चीला चौकटीत एकेक भोक पाडलेलं असतं आणि त्यातून वेत ओवलेला असतो. इथं तयार जाळीचं कापड खाचेत दाबून वरून पट्टी ठोकली होती. मी खुर्ची सरळ करून ठेवली आणि काही न बोलता बाहेर पडलो. नकली वस्तू विकणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्याला ठाऊकच असतं.

दुसऱ्या एका ठिकाणी इराणी हॉटेलातल्या खुर्च्या मिळाल्या. आपल्यापैकी बहुतेकांनी बन-मस्का खाल्ला तो याच गोल बैठकीच्या, वळवलेल्या पाठीच्या खुर्चीवर बसून. तिचा मूळ पुरुष मिखाएल थोनेट नावाचा जर्मन सुतार. बीच झाडाचं लाकूड वाफेत मऊ करून लोखंडी साच्यात वाकवायचं, ही त्याची युक्ती. १८५९ साली त्यानं चौदा क्रमांकाची खुर्ची काढली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन चाक्या. सुटी केलेली अशी छत्तीस खुर्च्यांची रास एक घनमीटरच्या पेटीत मावायची आणि बोटीनं जगभर जायची. पुढं या घाटाच्या खुर्च्या दुसऱ्या कारखान्यांनीही केल्या आणि १९३० पर्यंत चौदा क्रमांकाच्या पाच कोटी खुर्च्या खपल्याचं सांगतात. आपल्याकडची इराणी हॉटेलं एकेक करून बंद होत गेली, तशा या खुर्च्या बाजारात आल्या. मला त्या फार आवडतात. पण एका हातानं उचलता येणारी खुर्ची अम्मीच्या कामाची नव्हती. हलकी म्हणून तर ती सरकली असती.

आता थोडं चंदीगडकडं वळतो, कारण मिड सेंच्युरी म्हटलं की दुकानदाराच्या तोंडी दुसरं नाव तेच येतं. ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानेरे १९५१ मध्ये त्या नव्या राजधानीच्या कामासाठी आला आणि १९६५ पर्यंत तिथं राहिला. कचेऱ्या, न्यायालयं, महाविद्यालयं यांच्यासाठी त्यानं आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी सागवान आणि वेताच्या साध्या, मजबूत खुर्च्या तयार केल्या. स्थानिक सुतारांनी त्या हजारोंनी बनवल्या. जानेरे १९६७ मध्ये वारला, त्याच्या अस्थी सुखना तलावात सोडल्या. पुढं त्या खुर्च्या मोडक्या म्हणून गच्चीवर, आवारात ढिगानं पडल्या आणि भंगाराच्या भावानं लिलावात गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या, आणि पॅरिस-लंडन-न्यूयॉर्कच्या लिलावांत लाखो रुपयांना विकल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं हा वारसा देशाबाहेर नेऊ नये म्हणून आदेश काढला, तोवर बरंच काही निघून गेलं होतं.

हे वाचल्यावर चंदीगडच्या लोकांना हसावंसं वाटतं. हसू नये. सरकारी खुर्चीचा प्रवास सगळीकडं असाच असतो. आपल्याकडंही कचेरीतल्या प्रत्येक खुर्चीची जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद होते, मागच्या पट्टीवर रंगानं खात्याची अक्षरं आणि क्रमांक पडतो. एके दिवशी ती 'निर्लेखित' होते, म्हणजे नोंदवहीतून तिचं नाव पुसलं जातं, आणि मग लिलाव. आपल्या येरवडा कारागृहात कैदी लाकडी फर्निचर बनवतात आणि ते सरकारी कचेऱ्यांत जातं. त्या खुर्चीखाली कुणा वास्तुशिल्पकाराचं नाव नसतं. बनवणाऱ्याचं तर नसतंच.

नोंदवहीचं नाव काढलं की मला १२ जुलै १९६१ ची गोष्ट सांगावीच लागते. बुधवार होता. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. अम्मी तेव्हा सोळा वर्षांची. नानांकडं त्या दिवशी एका कचेरीच्या सहा खुर्च्या विणायला आलेल्या होत्या. नानांनी नानीला आणि मुलांना उंचावर नेलं आणि खुर्च्यांसाठी परत फिरले, तोवर खोलीत छातीइतकं पाणी. अम्मी सांगते, बिनजाळीच्या त्या रिकाम्या चौकटी दारातून एकामागून एक तरंगत बाहेर पडल्या, माणसं घर सोडून निघावीत तशा. पाणी ओसरल्यावर चिखलात दोन सापडल्या. नानांनी त्या धुतल्या, विणल्या आणि खांद्यावरून कचेरीत नेऊन दिल्या. तिथला कारकून भला माणूस होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. पण नोंदवहीत खुर्च्या सहा होत्या. उरलेल्या चारांची किंमत नानांनी वर्षभर त्या कचेरीच्या खुर्च्या फुकट विणून फेडली.

पुरानं पुण्याचं बसणंही बदललं, असं मला वाटतं. नदीकाठचे वाडे पडले, माणसं गोखलेनगर, सहकारनगर, दत्तवाडी अशा वसाहतींत विखुरली. वाड्यातली ओटी, सोपा, पडवी गेली. दोन खोल्यांच्या घरात 'बाहेरची खोली' आली, आणि बाहेरच्या खोलीत पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या. कर्ज काढून, हप्त्यानं घेतलेल्या. पुण्यात आज जुनी म्हणून मिळणारी खुर्ची पुष्कळदा या पिढीची असते. त्या खुर्च्या कुणी सौंदर्य म्हणून घेतलेल्या नव्हत्या. सगळं वाहून गेल्यावर माणसांनी पुन्हा घर मांडलं, त्यातल्या त्या आहेत.

शेवटी मला हवी ती खुर्ची मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळाली. बुधवार आणि रविवारी भरणारा हा बाजार पुणेकरांना सांगायला नको. तिथल्या चौकाला शाहीर अमर शेखांचं नाव आहे. बार्शीचा, मेहबूब नावाचा हा माणूस पहाडी आवाजात मराठी गायला आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव फिरला. मी मराठीत कविता लिहितो म्हटल्यावर भुवया उंचावणारे अजून भेटतात. मी त्यांना या चौकाचा पत्ता देतो. आणि कवीनं जुन्या वस्तूंच्या मागं लागणं हेही पुण्याला नवीन नाही. 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दारं गोळा करत अख्खं संग्रहालय उभं केलं.

खुर्ची सागवानी होती. पाठ सरळ, हात नाहीत, जाळी फाटून लोंबत होती. मागच्या पट्टीवर पांढऱ्या रंगातली दोन अर्धवट अक्षरं आणि चार आकडे. पुढच्या दांडीवर झिजून पन्हळ पडलेली. विक्रेत्यानं साडेतीन हजार सांगितले, सव्वीसशेला तुटलं. "काका, घासून पॉलिश मारून देतो, नंबर बिंबर सगळं जाईल," तो म्हणाला. मी म्हटलं, पॉलिश कर, नंबरला हात लावू नकोस.

जाळी विणायला माणूस शोधणं हे खुर्ची शोधण्याहून अवघड निघालं. पूर्वी अंधशाळांतून हे काम शिकवत आणि सरकारी कचेऱ्यांत खुर्च्या विणायच्या जागा दृष्टिहीनांसाठी असत. वेताच्या जागी आधी प्लॅस्टिकची तार आली, मग फोम, मग अख्खी खुर्चीच प्लॅस्टिकची. मिनिटभरात साच्यातून बाहेर पडणाऱ्या खुर्चीपुढं दोन दिवस विणणारी बोटं किती टिकणार? तरी एक वयस्क गृहस्थ सापडले. त्यांना दिसत नाही. त्यांनी चौकटीवरून हात फिरवला, भोकं मोजली आणि मला विचारलं, "कुणासाठी?" मी सांगितलं. मग म्हणाले, "जरा घट्ट विणतो."

खुर्ची घरी आली. अम्मी आधी बसलीच नाही. तिनं बोटाच्या पेरानं जाळी दाबून पाहिली, तिरपे पदर चाचपले, खाली वाकता येत नाही म्हणून मला खालून कडेची पट्टी बघायला लावली. मग "अच्छा हाथ है" एवढंच म्हणाली आणि बसली. पाठ न टेकता, जरा पुढं सरकून, कुणी येईल आणि उठावं लागेल अशी.

तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. अठरा इंच उंचीची कचेरीची खुर्ची, बुटक्या बाईसाठी कधी बनवलेलीच नव्हती. अधांतरी पायांनी नमाज कशी होणार? मी सुताराला बोलावून चारी पाय दीड-दीड इंच कापायला सांगितले. मुलगी ओरडली, "अब्बा, पाय कापले की किंमत शून्य!" ते खरंच आहे. पुन्हा विकायला गेलो तर कुणी सव्वीसशेही देणार नाही.

सुतारानं पाय कापले. अम्मीचे तळवे फरशीला टेकले. कापलेले चार तुकडे मी कचऱ्यात टाकायला निघालो, तर तिनं ते मागून घेतले आणि सुताराकडूनच कपाटाच्या चार पायांखाली सरकवून घेतले. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "पानी आता है."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.