संपत्तिकर

घर, जमीन, सोने, शेअर, ठेवी या सर्वांच्या किमतीतून कर्ज वजा जाता व्यक्तीकडे जे निव्वळ धन उरते, त्यावर दरवर्षी आकारला जाणारा प्रत्यक्ष कर. प्राप्तिकर वर्षभराच्या मिळकतीवर बसतो, संपत्तिकर साठलेल्या धनावर.

या कराचा सर्वांत ठाशीव युक्तिवाद भारतासाठीच लिहिला गेला. केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डॉर यांनी १९५६ च्या अहवालात भिकारी आणि सोन्याजवाहिरात सारी संपत्ती ठेवणारा धनिक यांची तुलना केली. दोघांचेही उत्पन्न शून्य, पण कर देण्याची ऐपत सारखी नाही. म्हणून केवळ उत्पन्न हा ऐपतीचा पुरेसा मापदंड ठरत नाही. विरोधकांचे म्हणणे असे की, एकदा कर भरून केलेल्या बचतीवर पुन्हा कर बसतो, हाती रोकड नसलेल्याला मालमत्ता विकावी लागते आणि भांडवल देशाबाहेर जाते.

युरोपात या वादाचा निकाल बहुधा मूल्यांकनाने आणि सवलतींनी लावला. जर्मनीत जमीनजुमल्याची किंमत १९६४ च्या मूल्यांवर आणि शेअरची चालू भावाने धरली जाई. ही विषमता घटनात्मक न्यायालयाने १९९५ मध्ये अमान्य केली आणि १९९७ पासून वसुली थांबली. स्वीडनमध्ये नोंदणीकृत कंपन्यांच्या बड्या भागधारकांना सूट होती, तर स्वतःच्या घरात राहणारा मध्यमवर्ग कर भरत होता. २००७ मध्ये तेथे कर रद्द झाला. फ्रान्सने २०१८ पासून तो स्थावर मालमत्तेपुरता ठेवला. १० कोटी युरोंपेक्षा अधिक संपत्तीवर किमान २ टक्के कराचा अर्थतज्ज्ञ गॅब्रिएल झुकमन यांचा प्रस्ताव तेथील कनिष्ठ सभागृहाने २०२५ मध्ये मंजूर केला, पण सिनेटने फेटाळला. स्वित्झर्लंडमध्ये मात्र हा कर प्रांतोप्रांती टिकून आहे. खासगी व्यक्तीला शेअरविक्रीतून झालेल्या नफ्यावर तेथे सहसा कर नाही, हे त्यामागचे मोठे कारण होय.

भारतात अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी १९५७ मध्ये संपत्तिकर आणला. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा कमाल दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता, तेव्हा दोन्ही करांची बेरीज उत्पन्नालाच मागे टाकू शकत होती. इतक्या चढ्या दरांनी करचुकवेगिरीला आमंत्रणच मिळाले. पुढे १९९३ पासून शेअर, ठेवी यांसारख्या आर्थिक मालमत्ता वगळल्या गेल्या. उरली ती जादा घरे, मोटारी, दागिने, शहरी मोकळे भूखंड. श्रीमंतांचे खरे धन ज्या रूपात वाढत होते, तेच कराबाहेर गेले. काल्डॉर यांची कल्पना भारतात फसली असे म्हणण्यापेक्षा ती पोकळ करण्यात आली, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

२०१३-१४ मध्ये देशभरातून या कराचे अवघे १,००८ कोटी रुपये जमा झाले. अर्थमंत्री अरुण जेटली यांनी २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द करून वर्षाला १ कोटीहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांवर २ टक्के जादा अधिभार लावला. वारसांकडे जाणाऱ्या मालमत्तेवरील संपदा शुल्क १९८५ मध्येच संपले होते. त्यामुळे भारतात आज ना संपत्तिकर आहे, ना वारसाकर.