बिब्ब्याची साक्ष

‘झाडपाल्याने गुण आला तर आला, अपाय तर होणार नाही ना!’ नायटा, टाचांच्या भेगा, चेहऱ्यावरचे डाग अशा किरकोळ तक्रारींवर घरगुती उपाय सुचवताना हे वाक्य हमखास ऐकू येते. त्याला आधार तीन: वनस्पती नैसर्गिक आहे, आयुर्वेदाची तिला मान्यता आहे आणि आजीला ती वापरून कधी काही झाले नाही. हे तिन्ही आधार एकटा बिब्बा मोडतो.

भेगांवर किंवा काटा रुतल्या जागी बिब्ब्याचे तेल लावण्याची चाल आपल्याकडे जुनी. त्या तेलातले भिलावनॉल कातडीवर फोड आणते. बिब्बा उतला की काय होते, हे गावाकडे सांगावे लागत नाही. आंबा आणि काजू त्याच कुळातले. कैरीचा चीक ओठाला लागून चट्टा उठतो, तोही पूर्णपणे नैसर्गिकच.

राहिला शास्त्राधार. चरकाने भल्लातकाला, म्हणजे बिब्ब्याला, अग्नीच्या पंक्तीला बसवले आणि विधिपूर्वक वापरले तरच ते अमृतासारखे ठरते, असे बजावले. पुढच्या ग्रंथांनी विटेच्या चुऱ्यात त्याचे शोधन, म्हणजे शुद्धीकरण, सांगितले. औषध नियम, १९४५ यांच्या ई-१ अनुसूचीत, म्हणजे आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत, भल्लातक आहे. ज्या शास्त्राची साक्ष काढायची, तेच विरुद्ध बोलते.

आजीचा दाखलाही टिकत नाही. ॲलर्जी पहिल्या स्पर्शाला बहुधा गप्प असते. शरीर ते द्रव्य ओळखून ठेवते आणि पुढे कधीतरी थेंबभराने पुरळ उठते. तेही एक-दोन दिवसांनी, त्यामुळे आळ भलत्यावरच जातो. उलट बाजूने, बारीकसारीक पुरळ पुष्कळदा आपोआप बसते आणि श्रेय लेपाला मिळते. काकतालीय न्याय म्हणतात तो हाच.

कोणी म्हणेल, बिब्बा जहाल खरा, पण लिंबू तर सौम्य! लिंबाच्या रसात, आणि त्याहून अधिक सालीत, फ्युरानोकुमरिन नावाची द्रव्ये असतात. रस लावून उन्हात गेले की ही द्रव्ये त्वचा भाजतात, आणि मागे उरलेला काळा डाग काही महिने हटत नाही. डाग घालवायला लावलेले लिंबू नवा डाग देऊन जाते.

मग सगळेच टाकावे का? मुळीच नाही. कोरड्या कातडीला खोबरेल, उन्हाने तापलेल्या अंगाला कोरफडीचा गर हे उपाय बहुतेकांना मानवतात. मात्र नवे काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून दोन दिवस पाहावे; चिरलेल्या वा ओल्या जागेवर आणि तान्ह्या बाळावर प्रयोग करू नयेत; पसरणारा नायटा किंवा पू दिसला की डॉक्टर गाठावा. मात्रा, शोधन, पथ्य या अटी परंपरेनेच घातल्या होत्या. त्या गाळून नुसता पाला उचलणाऱ्याने परंपरेचा हवाला देऊ नये.