प्राणी, प्रशिक्षक आणि प्रेक्षक : व्हिडिओ गेममधील पुनर्रचनेच्या संदर्भात महाराष्ट्रातील प्राणी खेळवणाऱ्या जमातींचा इतिहास

प्रस्तावना

प्राण्याला शिकवून त्याच्याकडून खेळ करून घेणारा माणूस हा महाराष्ट्राच्या लोकजीवनातील एक जुना घटक आहे. नंदीवाला, दरवेशी, गारुडी व माकडवाला ही त्याची परिचित रूपे होत. एकविसाव्या शतकात हीच आकृती व्हिडिओ गेमच्या पडद्यावर वेगळ्या वेशात अवतरली. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ या जपानी खेळमालिकेत २००८ साली ‘पोकेमॉन ट्रेनर’ हे पात्र आले आणि त्याची रचना कशी बदलावी याविषयी खेळाचे चाहते तेव्हापासून निरनिराळ्या कल्पना मांडत आले आहेत. वरवर पाहता या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. प्राणी आणि प्रशिक्षक ही जोडी बदलायची झाल्यास तो बदल कोणी ठरवायचा आणि ठरवताना जोडीतील कोणाचा विचार करायचा?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाची तुलनात्मक मांडणी करण्याचा प्रयत्न केला आहे. चाहत्यांच्या कल्पनांतून पुनर्रचनेचे कोणते मार्ग दिसतात हे प्रथम पाहून, त्या मार्गांच्या आधारे महाराष्ट्रातील प्राणी खेळवणाऱ्या जमातींच्या बाबतीत कायद्याने काय केले हे तपासणे, हे या लेखाचे उद्दिष्ट आहे.

१. पडद्यावरील प्रशिक्षक

सातोशी ताजिरी यांच्या कल्पनेतून साकारलेला ‘पोकेमॉन’ हा खेळ जपानमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झाला. ताजिरी यांना लहानपणी किडे पकडण्याचा छंद होता आणि त्या छंदातून ही कल्पना सुचली, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. प्राणी पकडणे, वाढवणे आणि इतरांच्या प्राण्यांशी त्याची झुंज लावणे हे या खेळाचे सूत्र आहे. मासाहिरो साकुराई यांनी घडवलेली ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ ही मालिका १९९९ पासूनची असून तिचे स्वरूप निराळे आहे. अधांतरी मंचावर उड्या मारत प्रतिस्पर्ध्याला मार द्यायचा आणि अखेर मंचाबाहेर फेकून द्यायचे, असा हा खेळ आहे.

मालिकेच्या २००८ सालच्या ‘ब्रॉल’ या भागात पोकेमॉन ट्रेनर प्रथम आला. तो स्वतः लढत नाही. पार्श्वभूमीवर उभा राहून तो हुकूम देतो आणि स्क्वर्टल, आयव्हीसॉर व चारिझार्ड हे त्याचे तीन प्राणी आळीपाळीने मंचावर उतरतात. या पात्रासाठी दोन खास नियम होते. मंचावर फार वेळ राहिलेला प्राणी थकत असे आणि त्याचे वार दुबळे होत. तसेच एक प्राणी बाद झाला की पुढचा आपोआप मंचावर येई. एकाच प्राण्यावर विसंबून न राहता तिघांनाही खेळवावे लागावे, असा या नियमांचा परिणाम होता.

२. चाहत्यांच्या पुनर्रचनेचे तीन मार्ग

या रचनेवर खेळाडूंचा मुख्य आक्षेप असा की आवडत्या प्राण्यावर प्रभुत्व मिळवले तरी नियम त्याला मंचावर टिकू देत नाहीत. या आक्षेपातून पुढे आलेल्या कल्पनांचे स्थूलमानाने तीन मार्ग दिसतात.

पहिला मार्ग जोडी मोडण्याचा. चाहत्यांच्याच एका गटाने ‘ब्रॉल’मध्ये फेरबदल करून ‘प्रोजेक्ट एम’ ही आवृत्ती तयार केली. २०११ साली तिचे पहिले खेळता येण्याजोगे रूप आले आणि २०१५ च्या अखेरीस तिचे काम थांबले. तिच्यात तिन्ही प्राणी स्वतंत्र योद्धे झाले आणि प्रशिक्षक नाहीसा झाला. मूळ मालिकेच्या २०१४ सालच्या भागातही चारिझार्ड एकटाच राहिला. स्क्वर्टल, आयव्हीसॉर आणि प्रशिक्षक या तिघांनाही त्यात योद्धा म्हणून स्थान मिळाले नाही.

दुसरा मार्ग जोडी राखून नियम बदलण्याचा. २०१८ सालच्या ‘अल्टिमेट’ या भागात प्रशिक्षक आपल्या तिन्ही प्राण्यांसह परतला. मुलगा किंवा मुलगी यांपैकी कोणताही प्रशिक्षक निवडण्याची सोय झाली. थकवा आणि सक्तीची बदली हे दोन्ही नियम वगळण्यात आले. हा बदल केवळ चाहत्यांच्या मागणीमुळे झाला असे म्हणता येणार नाही, परंतु ज्या दोन नियमांवर आक्षेप होता तेच गेले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

तिसरा मार्ग प्रशिक्षकालाच मंचावर आणण्याचा. त्याने प्राण्याबरोबर वावरावे आणि प्राण्याइतकाच मार त्यालाही बसावा, अशी ही कल्पना आहे. या मालिकेत ती प्रत्यक्षात उतरलेली नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला हीच कल्पना सर्वांत ओळखीची वाटते, कारण महाराष्ट्राच्या गावागावांत ती पिढ्यान्‌पिढ्या प्रत्यक्षात खेळली गेली आहे.

३. नंदीवाला : एकाच मंचावरची जोडी

नंदीवाला बैलाला झूल, गोंडे, कवड्या आणि घुंगूरमाळांनी सजवतो, गुबुगुबू वाजवत दारोदार फिरतो आणि पाऊस पडेल का, लेकीचे लग्न जमेल का, असे प्रश्न बैलाला विचारतो. बैल मान हलवून उत्तर देतो. मराठीत ‘नंदीबैलासारखी मान डोलावणे’ हा वाक्प्रचार बुद्धी न वापरता होकार देण्यासाठी रूढ झाला आहे. परंतु प्रेक्षकाला जो आज्ञाधारकपणा दिसतो त्यामागे सूक्ष्म इशारा देणाऱ्या माणसाचे आणि तो ओळखणाऱ्या जनावराचे दीर्घ शिक्षण असते. याच खेळात नंदीवाला जमिनीवर आडवा होतो आणि बैल त्याच्या अंगावर खूर ठेवतो. बैलाचा तोल गेला तर इजा मालकाला होणार, हे पाहणाऱ्यालाही कळते. पडद्यावरचा प्रशिक्षक मागे सुरक्षित उभा असतो, नंदीवाला मात्र खुराखाली असतो.

या खेळाचा प्रेक्षक म्हणजे गावातील शेतकरी आणि यात्रेकरू. बीड तालुक्यातील ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखले जाणारे नारायणगड आणि जिल्ह्याच्या सीमेलगत पाथर्डी तालुक्यात असलेले कानिफनाथांचे मढी ही या परिसरातील श्रद्धास्थाने होत. मढीची यात्रा तर भटक्या जमातींच्या मेळाव्यासाठी आणि जातपंचायतींसाठी प्रसिद्ध राहिली आहे. गाव, यात्रा आणि भटका यांचे नाते समजून घेण्यासाठी हा परिसर महत्त्वाचा आहे.

भटक्यांचा निसर्गाशी असलेला संबंधही केवळ खेळापुरता नव्हता. माधव गाडगीळ आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातील तिरुमल नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी यांचा अभ्यास करून १९८० च्या दशकात दाखवून दिले की या जमातींची शिकारीची साधने आणि भक्ष्ये वेगवेगळी होती. नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुक्कर, घोरपड, साळिंदर अशी शिकार करीत, तर फासेपारधी फासे लावून हरणे व पक्षी पकडीत. ही विभागणी पाहता, प्राण्यांविषयीचे ज्ञान हे या जमातींचे खरे भांडवल होते असे म्हणावे लागते.

४. दरवेशी आणि सर्कस

नंदीवाल्याचा बैल पाळीव आहे. दरवेशाचे अस्वल मात्र रानातून, बहुधा पिलू असतानाच आणले जाई. त्याचे नाक टोचून त्यातून दोरी ओवली जाई आणि त्या दोरीच्या वेदनेवर त्याचे ‘नाचणे’ अवलंबून असे. या दोन खेळांत जो नैतिक भेद आहे तो पुसून चालणार नाही. परंपरा आहे म्हणून क्रौर्य समर्थनीय ठरत नाही.

सर्कशीने याच कलेला तंबू आणि तिकीट दिले. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत भारतीय सर्कशीचा पाया घातला. पुण्यात १९०२ साली जन्मलेले दामू धोत्रे बालपणीच मामाच्या सर्कशीत गेले आणि पुढे अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत वाघ-बिबट्यांचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी कीर्ती मिळवली. काम एकाच जातीचे असूनही तंबूतील प्रशिक्षकाला ‘कलावंत’ ही मान्यता मिळाली, रस्त्यावरील प्रशिक्षकाला ती मिळाली नाही. हा भेद पुढे कायद्याच्या भाषेतही उतरला.

५. कायद्याने केलेली पुनर्रचना

मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम १९५९ सालचा. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करून दाखवणे या निमित्ताने पैसे मागणे हीदेखील त्यात ‘भिक्षा’ ठरवली गेली आणि दोषी व्यक्तीस एक ते तीन वर्षे संस्थेत स्थानबद्ध करण्याची तरतूद झाली. पुढच्याच वर्षी, १९६० साली, प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा आला. खेळ करणाऱ्या प्राण्यांसंबंधीच्या त्याच्या प्रकरणात ‘प्रदर्शन’ या शब्दाची व्याख्या तिकीट विकून प्रेक्षकांना प्रवेश दिलेल्या करमणुकीशी जोडलेली आहे. म्हणजे एका कायद्याच्या डोळ्यांसमोर तंबू होता, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर भिकारी. तिकीट न विकणारा आणि तरीही कला दाखवणारा नंदीवाला ‘कलावंत’ म्हणून या दोहोंपैकी कोणत्याही चौकटीत बसत नव्हता. तो बसला तो केवळ भिक्षेच्या व्याख्येत.

त्यानंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आला आणि अस्वल, माकड, साप यांवरील दरवेशी, माकडवाले व गारुडी यांची उपजीविका टप्प्याटप्प्याने बेकायदेशीर ठरली. ऑक्टोबर १९९८ च्या केंद्रीय अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकवण्यास व त्यांचे प्रदर्शन करण्यास मनाई केली. सर्कसचालकांनी ती न्यायालयात आव्हानित केली, परंतु २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. २०११ साली या यादीत बैलाचाही समावेश झाला. बैलावरील बंदीचा पुढील इतिहास मुख्यतः शर्यतींभोवती फिरला. महाराष्ट्राने २०१७ साली आपल्यापुरती कायद्यात दुरुस्ती केली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. शर्यतीच्या बैलाच्या बाजूने संघटना, विधिमंडळ आणि वकील उभे राहिले. नंदीबैलाची बाजू या वादात ठळकपणे कोठेही आली नाही.

६. तुलनात्मक विवेचन

वर पाहिलेल्या तीन मार्गांच्या भाषेत सांगायचे तर राज्यसंस्थेने पहिला मार्ग निवडला. तिने जोडी मोडली, प्राण्याला मुक्त केले आणि प्रशिक्षकाला मंचावरून उतरवले. अस्वलाच्या बाबतीत हे आवश्यकच होते. पडद्यावरील प्राण्याचा थकवा एक नियम पुसून नाहीसा करता येतो, नाकातील दोरीची वेदना तशी पुसता येत नाही. म्हणून खेळाचे उदाहरण प्रत्यक्ष जीवनाला जसेच्या तसे लागू होत नाही.

तथापि जोडी मोडल्यानंतर माणसाचे काय, हा प्रश्न उरतोच. उत्तर भारतातील कलंदर समाजाच्या बाबतीत त्याला काही प्रमाणात उत्तर मिळाले. आग्र्याजवळ २००२ साली अस्वलांसाठी आश्रयस्थान सुरू झाले, अस्वल सोपवणाऱ्या कुटुंबांना पर्यायी व्यवसायासाठी साहाय्य देण्यात आले आणि २००९ च्या अखेरीस नाचणाऱ्या अस्वलांची प्रथा संपुष्टात आली. प्राणी आणि माणूस या दोघांचा एकाच वेळी विचार केला की बंदी अधिक परिणामकारक ठरते, हा या घटनेचा बोध आहे.

सर्वांत मोठा भेद मात्र आवाजाचा आहे. व्हिडिओ गेमच्या चाहत्याला आपली कल्पना मांडता येते, तिच्यावर वाद घालता येतो, प्रसंगी स्वतःची आवृत्तीही घडवता येते. भटक्या जमातींना हा अवकाश फार उशिरा मिळाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर मारलेला शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला. त्यांच्या स्थितीचा राष्ट्रीय पातळीवर विचार करणारा, बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा अहवाल २००८ साली सादर झाला. तोवर उपजीविकेवर परिणाम करणारे वरील बहुतेक कायदे होऊन गेले होते.

निष्कर्ष

१. प्राणी-प्रशिक्षक जोडीची पुनर्रचना करताना जोडी मोडणे, नियम बदलणे आणि प्रशिक्षकालाही जोखमीत सहभागी करणे असे तीन मार्ग संभवतात. चाहत्यांच्या कल्पनांत हे तिन्ही दिसतात, तर भारतीय कायद्याने प्रामुख्याने पहिला मार्ग स्वीकारला.

२. वन्य प्राण्यांच्या बाबतीत तो स्वीकारणे योग्यच होते. परंतु बैलासारख्या पाळीव, घरच्या जनावराच्या बाबतीत दुसरा मार्ग, म्हणजे जनावराच्या आरोग्याच्या अटी घालून कला चालू ठेवणे, विचारात घेण्यास वाव आहे.

३. खेळ दाखवणे व भविष्य सांगणे यांना भिक्षा मानणारी व्याख्या पुनर्विचारास पात्र आहे. दिल्लीस लागू केलेल्या याच मुंबई अधिनियमातील अनेक तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या, ही बाब या संदर्भात मार्गदर्शक आहे.

४. जनावराला शिकवण्याचे, त्याची प्रकृती ओळखण्याचे आणि इशाऱ्याने संवाद साधण्याचे ज्ञान मौखिक आहे. ज्यांनी बैल शिकवले ती पिढी हयात आहे तोवर मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, समाजशास्त्र आणि मराठी विभागांनी एकत्र येऊन त्याचे दस्तऐवजीकरण करणे निकडीचे आहे. एका काल्पनिक प्रशिक्षकाचे नियम कोणत्या साली कसे बदलले याची बारीक नोंद त्याच्या चाहत्यांनी ठेवली आहे. आपल्या गावात गुबुगुबू वाजवत येणाऱ्या खऱ्या प्रशिक्षकाची तेवढी तरी नोंद अभ्यासकांकडे असावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.