खोलीच्या आतली खोली

मुंबईच्या ट्रामच्या आठवणी सांगणारे आता थोडेच उरले. पण या ट्रामपायी एका वेधशाळेला आपली जागा सोडावी लागली, हे त्यांच्यापैकीही फार जणांना ठाऊक नसेल.

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. सप्टेंबर १८५९ मधल्या प्रचंड सौर वादळाची नोंद तिथे झाली. अभ्यासक ती अजूनही तपासतात. पुढे घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असे ठरले. विजेचा प्रवाह जवळ आला की मोजणी बिघडणार. तेव्हा संचालक डॉ. नानाभाई फ्रामजी मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली.

मी पडलो कवी. मला ओढ वाटते ती तिथल्या खोलीची. तिला लोखंडाचा खिळासुद्धा वर्ज्य! पोरबंदरचा दगड पारखून घेतला, धातूकामाला तांबे-पितळ वापरले. पण खरा शत्रू होता उष्मा. चुंबक तापला की त्याची शक्ती किंचित घटते. पृथ्वीचे चुंबकत्वही दिवसभरात बदलते, पण अगदी हजारांशाच्या हिशेबात, आणि तेही सूर्याच्याच तालावर. मग दुपारी नोंदीची रेघ सरकली, तर बदल आकाशातला की खोली तापली म्हणून? चोर आणि साव, दोघांचा पेहराव एकच!

विजेच्या यंत्राने खोली थंड राखावी, तर पुन्हा वीज आली. मूस यांनी उत्तर शोधले ते भिंतींत. खोलीच्या आत खोली बांधली. दिवसाचा चढउतार वाटेतच जिरावा, ऋतूंचा तेवढा सावकाश आत पोचावा. सावकाश होणारा बदल हिशेबातून वजा करता येतो. रोजचा सोंग घेऊन येतो, त्याला बाहेरच थोपवावे लागते.

१९०४ ते १९०६ कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे मोजणी झाली. जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळल्यावरच कुलाब्याचे काम थांबले. मे १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली.

ती ट्राम १९६४ साली बंद पडली. अलिबागची मोजणी मात्र चालू आहे, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखाली. शहराच्या सोयीपुढे विज्ञानाने जागा सोडली, पण नोंदींचा धागा तुटू दिला नाही. आज कुठलेही जुने काम हलवताना एवढी दोन वर्षांची सबुरी आपण दाखवतो का?