कुवेतचे दोन भाऊ आणि त्यांचे गुरू



आपल्या मुलाला किंवा नातवंडाला गाणे-वाजवणे शिकवायचे झाले तर सुरुवात कोठून करावी? वाद्य आधी घ्यावे की गुरू आधी शोधावा? आणि हा गुरू आपल्याला योग्य आहे हे ओळखावे कसे? आपल्या मंडळींत हे प्रश्न नेहमी निघतात. त्यावर उपदेश करण्यापेक्षा एक खरा इतिहास सांगणे मला बरे वाटते. तो कुवेतमध्ये वाढलेल्या दोन यहुदी भावांचा आहे. त्यात आपली मुंबईही आहे आणि आपले इस्राएलही आहे.

सालेह आणि दाऊद अल-कुवेती अशी या भावांची नावे. सालेह यांचा जन्म १९०८ चा आणि दाऊद यांचा १९१० चा. घराणे मूळचे इराकी यहुदी, व्यापारानिमित्त कुवेतमध्ये स्थायिक झालेले. त्या वेळचे कुवेत म्हणजे समुद्रकाठचे मातीच्या घरांचे एक गाव. तेल सापडले ते १९३८ साली, आणि तेलाचे पहिले जहाज परदेशी गेले ते १९४६ साली. त्याआधी गावाचे पोट चाले मोत्यांवर आणि गलबतांवर. गलबते खजूर भरून हिंदुस्थानात येत आणि परतताना मलबारचे सागवान, तांदूळ, कापड व मसाले घेऊन जात. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. कुवेतच्या बाजारात आपला रुपया चाले, आणि तो १९६१ पर्यंत चालला. त्या वर्षी तेथे दिनार आला. मुंबई हे कुवेतकरांचे मोठे शहर होते, असे म्हणावयास हरकत नाही.

माल आला तसे संगीतही या वाटेने आले. कुवेतच्या शहरी गायनाला ‘सौत’ म्हणतात. त्याचे जनक मानले गेलेले अब्दुल्ला अल-फरज यांचा जन्म १८३६ चा. त्यांचे वडील मुंबईत व्यापार करीत. त्यामुळे मुलाचे शिक्षण मुंबईत झाले आणि संगीताचे धडेही त्याने तेथेच घेतले. पुढे ते कुवेतला परतले आणि अरबी कविता व आखाती ताल यांची सांगड घालून त्यांनी सौताला घाट दिला. सौतात एक गायक असतो आणि त्याच्या हाती ऊद असतो. मिरवास नावाच्या लहान ढोलक्या ताल धरतात, श्रोते ठरावीक जागी टाळ्या देतात आणि मध्येच दोघे पुरुष उठून नाचतात. पुढच्या काळात साथीला व्हायोलिनही आले.

मुद्दा असा की कुवेतमध्ये गाणे भरपूर होते, पण गाण्याची शाळा नव्हती. मोती काढणाऱ्या गलबतावर ‘नह्हाम’ नावाचा गायक मुद्दाम पगारी ठेवलेला असे. त्याच्या गाण्यावर खलाशी वल्ही मारीत आणि दोर ओढीत. रात्री घराघरांतून बैठकी बसत. ज्याला शिकायचे त्याने बैठकीत कोपरा धरावा, ऐकावे, टाळी चुकू देऊ नये आणि मग एखाद्या जाणत्याला पाय धरून विनवावे, अशी रीत होती. स्वरलिपी नाही, पुस्तक नाही, परीक्षा नाही.

अशा गावात सालेह साधारण दहा वर्षांचा असताना घरातले एक वडीलधारे नातेवाईक व्यापाराहून हिंदुस्थानातून परतले. त्यांनी दोघा मुलांसाठी दोन वाद्ये आणली होती, एक व्हायोलिन आणि एक ऊद. व्हायोलिन सालेहकडे गेले आणि ऊद दाऊदकडे. म्हणजे या घरात वाद्य आधी आले आणि गुरू मागाहून.

पुष्कळ घरांत गोष्ट येथेच थांबते. आपल्याकडेही कित्येक पेट्या आल्या, चार दिवस भाता हलला आणि मग त्यांवर कपड्यांची गाठोडी चढली. कुवेतच्या या घराने तसे होऊ दिले नाही. मुलाला खालिद अल-बकर यांच्या हाती दिले. ते गावातले नावाजलेले ऊदवादक आणि सौताचे जाणकार. त्यांच्याकडून सालेह कुवेतचे संगीत तर शिकलाच, पण बहारीन, येमेन आणि हिजाझ या मुलखांच्या चालीही शिकला.

ही निवड योग्य का ठरली, हे पाहण्यासारखे आहे. व्हायोलिनचा जाणकार मिळेपर्यंत घरच्यांनी मुलाला थांबवून ठेवले नाही. त्यांनी संगीताचा जाणकार पाहिला. ऊद आणि व्हायोलिन या दोन्ही वाद्यांना स्वरांचे पडदे नसतात. बोट कोठे ठेवावे हे कान सांगतो. अरबी मकामांत असे स्वर आहेत की जे पेटीच्या पांढऱ्या आणि काळ्या पट्टीच्या मधोमध पडतात. ते कागदावर नेमके दाखवता येत नाहीत. गुरूने वाजवावे, शिष्याने ऐकावे, वाजवून पाहावे आणि पुन्हा ऐकावे, हाच मार्ग. आपल्याकडेही ही अडचण ओळखीची आहे. पेटीवर मींड येत नाही आणि श्रुती सापडत नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी घातली होती. म्हणून जे संगीत शिकायचे त्याचा कान ज्याच्यापाशी आहे तो गुरू आधी पाहावा, आणि वाद्याची मोडतोड मग बसून सोडवावी.

मी नर्सिंग शिकले तेव्हाही असेच होते. नाडी पुस्तकात वाचून कळत नाही. अनुभवी सिस्टर आपले बोट धरून मनगटावर ठेवते आणि ‘हे बघ’ म्हणते, तेव्हा कळते.

मुंबईत त्याच सुमारास दुसरी वाट उघडत होती. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ साली, म्हणजे सालेहच्या जन्मवर्षीच, त्याची शाखा मुंबईत उघडली. तेथे वर्ग होते, ठरलेला अभ्यासक्रम होता, स्वरलिपीची पुस्तके होती. ज्याच्या घरात गाणे नाही अशा माणसालाही फी भरून दार उघडे झाले. ही मोठीच सोय झाली. परंतु शाळा मुळाक्षरे देते. पुढचे शिक्षण गुरूच्या सहवासातच होते, हे त्या काळच्या मोठ्या गवयांनीही जाणले होते. भास्करबुवा बखल्यांचेच पाहा. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडे त्यांनी विद्या घेतली, आणि मग १९११ साली पुण्यात भारत गायन समाज स्थापन केला. एका गुरूकडचे पचल्यावर दुसऱ्याकडे जाणे यात बेइमानी नाही, मात्र पहिले पचलेले असावे.

कुवेती बंधूंनीही तसेच केले. लहान वयातच ते कुवेतच्या प्रतिष्ठितांपुढे वाजवू लागले. सालेह स्वतः चाली बांधू लागला. त्याची ‘वल्लाह अजबनी जमालिक’ ही चाल आखातात पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली. कुवेतमध्ये मिळण्यासारखे मिळाले तेव्हा कुटुंब बसऱ्याला गेले. तेथे सालेहने एका कानूनवादकाकडे पुढचे शिक्षण घेतले आणि इराकी मकामाची ओळख करून घेतली. कानून हे मांडीवर घेऊन वाजवायचे अनेक तारांचे वाद्य. त्यावर मकामांची रचना डोळ्यांपुढे मांडल्यासारखी दिसते. पहिल्या गुरूकडे कान तयार झाला, दुसऱ्याकडे शास्त्र मिळाले. हा क्रम उलटा झाला असता तर काय झाले असते, याचा विचार शिकवणाऱ्यांनी करावा.

तेथून दोघे बगदादला गेले. त्या काळी बगदादच्या वादकांत यहुदी फार होते. १९३२ साली कैरोला अरबी संगीताची मोठी परिषद भरली, तेव्हा इराकने पाठवलेल्या पथकातले वादक जवळजवळ सगळे यहुदीच होते. सालेहने गायिका सलीमा मुराद हिच्यासाठी गाणी बांधली. त्याच वर्षी इजिप्तची उम्म कुलसूम बगदादला आली. तिने सलीमाच्या गाण्यांतले ‘गल्बक सखर जलमूद’ ऐकले आणि ते सालेहकडून शिकून घेतले. एवढी मोठी गायिका, पण आवडलेली चीज शिकायला तिला कमीपणा वाटला नाही. १९३६ साली बगदाद रेडिओ सुरू झाला, तेव्हा तेथील वाद्यवृंदाची सूत्रे सालेहकडे आली.

नंतरचा इतिहास आपल्यापैकी पुष्कळांनी शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकलेला आहे. १९५० आणि १९५१ या दोन वर्षांत सुमारे एक लाख वीस हजार यहुदी इराक सोडून इस्राएलला आले. त्यांत १९५१ साली हे दोघे भाऊही आले. बगदादचे नामवंत संगीतकार तेल अवीवच्या हातिक्वा वस्तीत राहू लागले आणि पोटासाठी भांडीकुंडी विकण्याचे दुकान चालवू लागले. रेडिओच्या अरबी विभागावर ते वाजवीत आणि हजारो इराकी घरांत ते ऐकले जाई. पण नव्या देशाला तेव्हा हे संगीत परके वाटत होते. तिकडे इराकमध्ये १९७० नंतरच्या दशकांत त्यांची गाणी रेडिओवर वाजत राहिली आणि नावे मात्र पुसली गेली. चाली ‘पारंपरिक’ म्हणून सांगितल्या जाऊ लागल्या. दाऊद १९७६ साली वारले, सालेह १९८६ साली.

नेगेवमधल्या इस्पितळात मी कामाला असताना वृद्ध इराकी बायका रात्री झोप येईना म्हणजे हळू आवाजात गुणगुणत. सकाळी विचारले की चाल कोणाची, तर म्हणत, जुनी आहे, आमच्या गावची. ज्यांनी बांधली ते बसच्या काही तासांच्या अंतरावर भांडी विकून गेले होते, हे त्यांच्यातल्या सगळ्यांना ठाऊक नसावे.

या कथेत मला सर्वांत जास्त लागते ते वेगळेच. ज्यांना लहानपणी वाद्य मिळाले, गुरू मिळाले, त्यांनी आपल्या मुलांना मात्र संगीताच्या वाटेला जाऊ दिले नाही. दाऊदची मुलगी कार्मेला हिला गायची फार हौस होती, पण वडिलांनी मना केले. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. जी विद्या आपल्याला मान देऊन शेवटी दुकानात बसवते, ती पोरांना का द्यावी, असे त्यांना वाटले असेल. परंतु त्यामुळे घरातच गुरू असून शिष्य राहिला नाही. कार्मेलाचा मुलगा दुदू तासा १९७७ साली, आजोबा गेल्यानंतर जन्मला. तो रॉक संगीत वाजवणारा गायक झाला आणि मोठेपणी आजोबांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून ती गाणी शिकला. २०११ साली त्याने त्या गाण्यांचा संग्रह काढला आणि त्यात आपल्या आईलाही गायला लावले. हातिक्वा वस्तीतल्या एका रस्त्याला आता या भावांचे नाव आहे. हे सगळे चांगलेच झाले. पण नातवाला जे मुद्रिकेवरून एकेक स्वर हुडकीत शिकावे लागले, ते आजोबांनी त्याच्या आईला समोर बसवून शिकवले असते तर किती सोपे गेले असते!

आता आपल्याकडे वळू. आपल्या बेने इस्राएल लोकांनाही गुरू समुद्रापलीकडूनच मिळाले. १८२६ च्या सुमारास कोचीनचे शेलोमो सालेम शुराबी मुंबईला आले आणि त्यांनी आपल्या वाडवडिलांना तेफिला शिकवली. आपल्या लोकांनी ती घेतली आणि जवळच्या महाराष्ट्राकडूनही घेतले. १८८० च्या सुमारास आपले कीर्तन सुरू झाले. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे मराठी पदांत गुंफली, आणि पेटी, तबला व झांजा यांच्या साथीने ती मंडळीपुढे गायली. शुद्ध हिब्रू सूर कोचीनकडून आणि कीर्तनाचा ढंग कोकणाकडून, असे दोन गुरू आपणही केले.

या कीर्तनाच्या चाली येणारी माणसे आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. पदे छापलेली आहेत, पण चाल छापलेली नाही. म्हणून ज्यांच्या घरी मुलाला संगीत शिकवायचे घाटत असेल, त्यांना कुवेतच्या इतिहासावरून मी एवढेच सुचवीन.

वाद्य साधेच घ्या, पण ते आल्यापासून महिन्याभरात गुरू ठरवा. गुरू निवडताना त्याची प्रमाणपत्रे जरूर पाहा, पण त्याला स्वतः वाजवायला सांगा, आणि मूल त्याच्यापुढे मोकळेपणी चुकू शकते का तेही पाहा. चुकायला घाबरणारे मूल शिकत नाही. दोन भावंडे असतील तर दोघांना बरोबर बसवा, कारण एक विसरला तर दुसऱ्याला आठवते. सहा महिन्यांत घरच्या चार माणसांपुढे वाजवायला लावा. आणि शाळेतला शिक्षक पियानो शिकवो की गिटार, त्याखेरीज आठवड्यातून एक तास मुलाला घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसापाशी बसवा. त्यांचा आवाज फाटलेला असेल, दम पुरत नसेल, तरी चाल पक्की असते. त्या वेळी टेलिफोनवर मुद्रण करून ठेवा, पण मुद्रण झाले म्हणून शिकणे झाले असे समजू नका.

ज्यांना पदे येतात त्या माझ्या वयाच्या भगिनींना आणि वडील बंधूंना वेगळी विनंती आहे. मुलांना आवड नाही, त्यांना मराठी कळत नाही, असे म्हणून गप्प बसू नका. दहा वर्षांच्या सालेहला येमेनची बोली कोठे येत होती? चाल आधी कानात बसते, अर्थ मागाहून विचारला जातो. कोणी विचारायला येण्याची वाट न पाहता येत्या शब्बाथानंतर एका नातवाला जवळ बोलवा आणि एकच पद शिकवा.