बार्शीची कर्करोग नोंदणी आणि गावकरी

कर्करोगाचे आकडे मुंबईसारख्या शहरांत मोजले जात, खेड्यात तो किती होतो याची मोजदाद नव्हती. ती उणीव १९८७ मध्ये बार्शीत भरून निघू लागली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांची नोंदणी टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांनी मिळून सुरू केली. खेड्यात रुग्णालयाचे कागद पुरेसे नव्हते. बरेच रुग्ण तिथपर्यंत पोचतच नसत. म्हणून कार्यकर्ते गावोगाव जाऊन सरपंच, शिक्षक आणि घरोघरच्या माणसांशी बोलत, संशयित रुग्णांना तपासणीला आणत. मोजायला गेलेली माणसे नकळत जागृतीही करून आली: गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढे आधीच्या टप्प्यात सापडू लागला.

गावकऱ्यांशी झालेल्या या ओळखीवरच १९९९ मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी उभी राहिली. ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया तिच्यात होत्या. फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थाही सोबत होती. एचपीव्ही विषाणूची तपासणी, पेशीतपासणी आणि ॲसिटिक ॲसिड लावून नजरेने पाहणी अशा तीन पद्धती स्त्रियांच्या तीन गटांत पडताळल्या. चौथ्या गटाला तपासणी नाही, नेहमीचीच सेवा. त्या चौथ्या गटावरून पुढे नैतिकतेचा वाद झाला, आणि तो रास्त होता. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, चौथ्या गटात ६४.