क्यू-ज्वर आणि मेंढरांचे कळप

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरी १९३५ साली कत्तलखान्यातील कामगार एका चमत्कारिक तापाने आजारी पडू लागले. ठाऊक असलेल्या कोणत्याही ज्वराच्या कसोटीला तो उतरेना. क्वीन्सलंडच्या आरोग्यखात्यातील एडवर्ड डेरिक यांनी १९३७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला 'क्यू-ज्वर' असे नाव दिले. 'क्वेरी', म्हणजे प्रश्न, या शब्दाचे ते आद्याक्षर. कत्तलखान्याचे नाव द्यावे तर मांसाच्या धंद्याला बट्टा लागतो, आणि क्वीन्सलंडचे द्यावे तर प्रांताची अपकीर्ती होते. तेव्हा प्रश्नचिन्हच बरे, असा तो व्यवहारी तोडगा होता. पुढे मेलबर्नचे बर्नेट आणि अमेरिकेत गोचिडांवर संशोधन करणारे कॉक्स यांच्या नावांवरून या जंतूला 'कॉक्सिएला बर्नेटी' म्हणू लागले.

मेंढीवर मात्र प्रारंभी कोणाचा संशय गेला नाही. दुसऱ्या महायुद्धात ग्रीस आणि इटलीमध्ये गवताच्या गंजीत व गोठ्यांत मुक्काम करणाऱ्या सैनिकांना हा ताप आला. युद्धानंतर उत्तर कॅलिफोर्नियात माणसांतील रोगाचा माग काढीत गेलेले संशोधक मेंढवाड्यांपाशी येऊन थांबले. तेथील हवेत आणि धुळीत जंतू सापडला, आणि १९५१ साली मेंढीच्या जारात तो आढळल्याचेही प्रसिद्ध झाले.

खरे मर्म त्या जारातच होते. बाधित मेंढी सामान्यतः आजारी दिसत नाही. ती चरते, रवंथ करते, लोकर देते. काही मेंढ्या दिवस भरत आल्यावर गाभडतात, काहींची कोकरे अशक्त निपजतात. पुष्कळांच्या बाबतीत तेवढेही घडत नाही. परंतु विण्याच्या वेळी जारेच्या एका ग्रॅममध्ये शंभर कोटींपर्यंत जंतू असू शकतात. जार मेंढवाड्यात पडते, वाळते, लेंड्यांच्या भुग्यात मिसळते, आणि वारा ती धूळ गावावर नेतो. महिनोन्‌महिने तग धरण्याची चिवट शक्ती या जंतूत आहे. माणसाला बाधा होण्यास त्याचे मोजके कण पुरेसे होतात. कळपाचा रोग प्रथम माणसाच्या अंगी दिसला, याचे कारण हे आहे. मेंढी काही सांगत नाही, आणि सांगण्याजोगे तिला काही होतही नाही.

स्वित्झर्लंडमधील बान्य खोऱ्यात याचा प्रत्यय आला. १९८३ च्या शरदात डोंगरावरील कुरणांतून मेंढ्यांचे १२ कळप नेहमीप्रमाणे खाली उतरले. वर्षानुवर्षांचा तो रिवाज होता. त्यानंतरच्या आठवड्यांत खोऱ्यातील ४१५ माणसांना या रोगाची बाधा झाल्याचे रक्तपरीक्षेत निष्पन्न झाले. त्यांतील निम्म्याहून अधिकांना काहीच त्रास झाला नव्हता, आणि रुग्णालयात केवळ ८ जणांना जावे लागले. मात्र या रोगाला एवढ्यावरून सौम्य म्हणता येणार नाही. क्वचित तो वर्षानंतरही हृदयाच्या झडपांना ग्रासतो आणि प्राणावर बेततो.

मग एकूण किती मेंढ्या बाधित असतात? जागतिक आरोग्य संघटनेच्या १९५५ सालच्या आढाव्यात हा रोग ५१ देशांत असल्याचे नमूद झाले. भारतातील पुरावा १९५४ साली प्रसिद्ध झाला होता. न्यूझीलंडसारखे मेंढ्यांचे आगर मात्र या रोगापासून मुक्त राहिले आहे. मोजदादीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे, कारण त्याला उत्तरे दोन येतात. नेदरलंड्समध्ये २००८ साली गोळा केलेल्या रक्तनमुन्यांत शेकडा २.४ मेंढ्यांत बाधेची खूण मिळाली; परंतु एक तरी बाधित मेंढी असलेले कळप शेकडा १४.५ भरले. अनेक देशांतील पाहण्यांचा २०११ सालचा आढावा शेळ्यामेंढ्यांपैकी सुमारे शेकडा १५ जनावरे आणि २५ कळप बाधित असल्याचे सांगतो. पहिला आकडा जनावरांच्या मालकाला धीर देणारा. शेजारच्या गावाने मात्र दुसराच पाहावा. शिवाय रक्तातील खूण ही झालेल्या बाधेची असते, चालू असलेल्या उत्सर्जनाची नव्हे. रक्त निर्दोष ठरलेली मेंढीही विताना जंतू टाकीत असल्याचे आढळलेले आहे.

या उणिवेची किंमत नेदरलंड्सला मोजावी लागली. तेथे २००७ ते २०१० या काळात ४,००० हून अधिक माणसांच्या आजाराची नोंद झाली. मुख्य उगम दुभत्या शेळ्यांचे मोठे गोठे हा होता; दुभत्या मेंढ्याही त्याच नियमात सापडल्या. डिसेंबर २००९ मध्ये सरकारने निर्णय घेतला आणि पुढील काही महिन्यांत ५०,००० हून अधिक गाभण जनावरे मारण्यात आली. गोठ्याच्या टाकीतील एकत्रित दुधात जंतूची खूण मिळाली, की त्या गोठ्यातील प्रत्येक गाभण जनावर, लस टोचलेले असो वा नसो, मारण्याच्या यादीत जाई. त्यांतले कोणते विताना जंतू टाकील आणि कोणते टाकणार नाही, हे आधी ओळखणारी खात्रीची परीक्षा पशुवैद्यांच्या हाती नव्हती.